घरातल्या आजाराची वंशावळ कशी मांडायची आणि ती वाचायची कशी

एक मोठा कागद घ्या. जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू सगळ्यात बरी, कारण वहीच्या पानावर तीन पिढ्या मावत नाहीत आणि मग लोकं आजीचं माहेर गाळून टाकतात, आणि बऱ्याच वेळा उत्तर नेमकं तिथंच असतं.

मी सांगलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पोराचा रिपोर्ट घेऊन माणसं येतात, जत, कवठेमहांकाळ, विटा, इकडं कऱ्हाडकडनं पण, आणि रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न असतो, हे कुणाकडनं आलं? खूपदा घरात त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, सुनेकडनं. ती बिचारी बाकावर मान खाली घालून बसलेली असते आणि तिच्या माहेरचा उद्धार चाललेला असतो. हे बघवत नाही म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. घरातला आजार कुठनं आला, पुढच्या पोराला होईल का, बहिणीच्या पोरांना होईल का, ह्याचा अंदाज बांधायची एक पद्धत आहे, कागद-पेनानं होते, आणि ती केली की निम्मं भांडण तिथंच मिटतं.

खुणा जगभर जवळजवळ सारख्याच आहेत, त्यामुळं तुमचा कागद पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला पण एका नजरेत कळतो. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. नवरा-बायकोच्या मधे आडवी रेघ, तिच्यातनं खाली उभी रेघ सोडायची आणि पोरं डावीकडनं उजवीकडं, थोरलं आधी. ज्याला आजार आहे त्याची खूण पेननं गच्च भरायची. जे माणूस गेलंय त्याच्यावर तिरकी रेघ, आणि शेजारी वय आणि कशानं गेलं ते. पोट पडलं असेल तर छोटा त्रिकोण. जन्मून लगेच गेलेलं बाळ, मुलगा का मुलगी कुणालाच आठवत नाही, तर शंकरपाळ्यासारखा आकार. आणि नवरा-बायको मुळात नात्यातलेच असतील, मामाची पोरगी केली असेल, तर एकाऐवजी दोन आडव्या रेघा. ही दुहेरी रेघ विसरू नका, आपल्या भागात ती लय महत्त्वाची आहे, पुढं सांगते का ते.

सुरुवात ज्या लेकराचा आजार आहे त्याच्यापासनं करा, सगळ्यात खाली, त्याच्याकडं एक बाण काढा. मग त्याची भावंडं, वर आई-बाप, त्यांची भावंडं आणि त्यांची पोरं, त्याच्यावर दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि त्यांची भावंडं. बापाकडची बाजू भराभर होते, भावकी एकाच गावात असते, कुणाचं काय झालं ते सगळ्यांना पाठ असतं. आईकडची बाजू अर्धवट राहते आणि आईच्या आईचं माहेर तर कुणी विचारतच नाही. तिथं फोन करा, मामाला करा, मावशीला करा, आजी असेल तर आजीला आधी.

विचारायचं कसं हे पण सांगते, कारण "आपल्यात कुणाला अनुवंशिक आजार होता का" असं विचारलं की उत्तर "छे, आपल्यात असलं काही नाही" हेच येणार. आजाराचं नाव विचारूच नका, घडलेलं विचारा. लहानपणी कोण कोण गेलं, किती वर्षाचं होऊन गेलं? कुणाला सारखं रक्त चढवायला लागायचं का? दात पाडल्यावर, सुंता किंवा कान टोचल्यावर कुणाचं रक्त थांबलंच नाही असं झालंय का? कुठला पोरगा नीट चालत होता आणि आठ-दहा वर्षाचा होईस्तोवर जिन्याला धरून चढायला लागला? कुणाला जन्मापासनं ऐकू येत नव्हतं? कुणाची किती पोटं पडली? कोण चाळिशीच्या आत हार्ट अटॅकनं गेलं? आजी दुपारी निवडत बसली असेल तेव्हा शेजारी बसून विचारा, सुनांच्या आणि पाहुण्यांच्या समोर नको. ती म्हणेल पोराला बाहेरचं झालं होतं, करणी केली होती. वाद घालू नका. तेव्हा ते किती वर्षाचं होतं, अंग पिवळं पडलं होतं का, पोट वाढलं होतं का, एवढं विचारा आणि लिहून घ्या. पोट फुगलेलं, पांढरंफटक, वर्ष-दोन वर्षाचं होऊन गेलेलं लेकरू, ही माहिती आजच्या डॉक्टरला पुष्कळ काही सांगते.

आता कागद भरला. वाचायच्या आधी थोडं आतलं समजून घ्या.

आपल्या शरीराच्या बहुतेक सगळ्या पेशींत ४६ क्रोमोसोम असतात, म्हणजे गुणसूत्रं, २३ जोड्या. जोडीतलं एक आईचं, एक बापाचं. बरीच वर्षं ४८ आहेत असंच शिकवत होते, १९५६ मध्ये त्यिओ आणि लेवान ह्या दोघांनी स्वीडनमध्ये नीट मोजून ४६ सांगितले. २२ जोड्या बाई-पुरुषात सारख्या, तेविसावी जोडी वेगळी, बाईत दोन एक्स आणि पुरुषात एक एक्स एक वाय. ह्या क्रोमोसोमवर ओळीनं जीन, म्हणजे शरीर कसं घडवायचं त्याच्या लिहिलेल्या सूचना, बसलेले असतात, साधारण २०,००० प्रोटीन बनवणारे, आणि क्रोमोसोम जोडीनं असल्यामुळं प्रत्येक जीनच्या पण दोन प्रती. बीजात आणि शुक्राणूत मात्र जोडीतला एकच जातो, २३ आणि २३, आणि दोनातला कुठला जाईल ते कुणाच्या हातात नाही. आईच्या नाही, बापाच्या नाही.

इथं बिघाड दोन तऱ्हेनं होतो. एक तर अख्ख्या क्रोमोसोमचीच संख्या चुकते किंवा तुकडा इकडचा तिकडं जातो. नाहीतर सगळे ४६ जागेवर असतात पण एखाद्या जीनमधलं अक्षर चुकलेलं असतं. कागद वाचताना आधी हे दोन वेगळे काढायचे.

संख्येचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण डाउन सिंड्रोम, ज्यात बाळाची वाढ आणि बुद्धी मागं राहते, २१ नंबरचे दोनच्या ऐवजी तीन, हे पॅरिसमध्ये १९५९ साली सापडलं. बीज तयार होताना जोडी सुटायला पाहिजे ती सुटत नाही, दोन्ही एकाच बीजात जातात. आईचं वय वाढेल तशी शक्यता वाढते, पंचविशीच्या आत हजारात एकाहून कमी, पस्तिशीला साधारण ३५० त एक, चाळिशीला १०० त एक. पण वीस-बावीस वर्षाच्या आयांनाच पोरं जास्त होतात ना आपल्याकडं, त्यामुळं डाउनची पुष्कळ बाळं तरुण आयांनाच झालेली दिसतात, तेव्हा वय कमी आहे म्हणून तपासणी टाळू नका. वंशावळीत असं बाळ एकटंच भरलेलं दिसतं, वर-खाली-बाजूला सगळं कोरं. टर्नर, म्हणजे मुलीत एकच एक्स, आणि क्लाइनफेल्टर, म्हणजे मुलात दोन एक्स एक वाय, ह्यांचं पण तसंच.

मग चेहऱ्यावरनंच डाउन कळतंय तर कॅरियोटाइप, म्हणजे क्रोमोसोम मोजायची रक्ततपासणी, कशाला करायचा असं बरेच जण विचारतात. तर करायचाच. साधारण ९५ टक्क्यांत सुटा जादा २१ असतो, तो पुढच्या वेळी परत व्हायची शक्यता थोडी असते. पण ३ ते ४ टक्क्यांत तो जादा २१ दुसऱ्या क्रोमोसोमला चिकटलेला असतो आणि त्यातल्या काहींत आई किंवा बाप स्वतः तो चिकटलेला तुकडा घेऊन अगदी ठणठणीत फिरत असतो. मग पुढच्या बाळाचा धोका बराच वाढतो, आणि हे एका रिपोर्टवर ठरतं. लागोपाठ पोटं पडत असतील तरी हीच तपासणी, आणि ती दोघांची. नवरे रक्त द्यायला तयार नसतात, "मला काय झालंय" म्हणतात, त्यांना हे दाखवा, चिकटलेला तुकडा बापाकडं पण असू शकतो. आणि एक लॅबमधली गोष्ट, ह्या तपासणीला पेशी जिवंत लागतात. रक्त हिरव्या टोपणाच्या हेपॅरिन ट्यूबमध्ये घेतात, पेशी साधारण तीन दिवस वाढवतात, मग त्या एकाच्या दोन व्हायच्या बेतात असताना थांबवून मायक्रोस्कोपखाली क्रोमोसोम मोजतात. म्हणून सॅम्पल फ्रीजरमध्ये गोठवायचं नाही, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवून न्यायचं नाही, आणि रिपोर्टला दिवस लागतात, घाई करून उपयोग नाही.

आता एका जीनचे आजार, आणि इथं वंशावळ खरी बोलायला लागते. तीन प्रश्न विचारा कागदाला. भरलेल्या खुणा प्रत्येक पिढीत आहेत का? फक्त चौकोनच भरलेत का? बापाकडनं थेट मुलाकडं कुठं गेलंय का?

प्रत्येक पिढीत कुणीतरी भरलेलं, बाई आणि पुरुष दोन्ही, आणि बापाकडनं मुलाला पण गेलेलं, तर तो डॉमिनंट म्हणजे प्रभावी प्रकार. एकच बिघडलेली प्रत पुरते, प्रत्येक बाळंतपणाला शक्यता निम्मी. ह्याच्यात एक आजार आहे जो घराघरात दुर्लक्षित राहतो, जन्मजात वाढलेलं कोलेस्टेरॉल. काका अडतीसचा असताना अटॅकनं गेला, आजोबा बेचाळीसला, आणि घरात "आपल्यात आयुष्यच कमी" म्हणून गप्प बसतात. तुमच्या कागदावर असं दिसलं तर घरातल्या प्रत्येकाचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करा, त्यातलं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १९० च्या वर असेल तर डॉक्टरकडं जा, ह्याला औषध आहे आणि वेळेत घेतलं तर माणूस वाचतो. उलट ठेंगूपणाचा जो नेहमीचा प्रकार आहे, अकॉन्ड्रोप्लेजिया, त्यात १० पैकी ८ बाळांचे आई-बाप नॉर्मल उंचीचे असतात, बदल त्या बाळातच नवा झालेला असतो. तेव्हा "आमच्यात कुणीच नाही, मग आलं कुठनं" ह्या प्रश्नाला कुठनंच आलेलं नाही हे पण खरं उत्तर असतं.

दुसरा प्रकार, वरच्या पिढ्या कोऱ्या, आई-बाप धडधाकट, आणि खाली भावंडांतच दोघं-तिघं भरलेली. हा रिसेसिव्ह म्हणजे अप्रभावी. आईची एक प्रत बिघडलेली, बापाची एक बिघडलेली, दोघांची दुसरी चांगली असल्यामुळं त्यांना काही त्रास नाही, ते नुसते वाहक. प्रत्येक बाळंतपणाला आजारी व्हायची शक्यता २५ टक्के, वाहक व्हायची ५०, पूर्ण मोकळं २५. हे प्रत्येक वेळी नव्यानं. पहिलं आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली असं नसतंय, हे परत परत सांगायला लागतं. आणि इथं एकट्या सुनेला दोष देताच येत नाही, निम्मं बापाकडनं आल्याशिवाय हा आजार होतच नाही. जिथं जिथं ह्यावरनं बाईला माघारी धाडायची भाषा चालते तिथं हे वाक्य मोठ्यानं म्हणा.

थॅलेसेमिया ह्याच्यातला, ह्यात रक्तातलं हिमोग्लोबिन नीट बनत नाही. मेजर, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या, असलेल्या बाळाला सहा महिन्यांपासनं दोन वर्षापर्यंत कधीतरी रक्त कमी पडायला लागतं आणि मग आयुष्यभर दर दोन-चार आठवड्याला रक्त. वाहक ओळखायचा पहिला धागा तुमच्या साध्या सीबीसीमध्येच, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीत, असतो. रिपोर्ट काढा आणि बघा, समजा हिमोग्लोबिन ११.२, आरबीसी म्हणजे लाल पेशींची संख्या ५.९, एमसीव्ही म्हणजे त्या पेशींचा आकार ६२. पेशी बारक्या आहेत पण संख्या भरपूर आहे. एमसीव्हीला आरबीसीनं भागा, ६२ भागिले ५.९, साधारण १०.५. तेराच्या खाली आलं की थॅलेसेमिया वाहक असल्याचा संशय घ्यायचा. लोहाची कमतरता असेल तर आरबीसी पण कमी असतात, एमसीव्ही ७० आणि आरबीसी ४.१ म्हणजे १७ च्या आसपास येतं. हा भागाकार फक्त इशारा आहे, पक्कं करायला एचपीएलसी किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस करायचं, दोन्हींत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात, त्यात एचबी ए-टू हा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर आलं की बीटा थॅलेसेमियाचा वाहक धरतात. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर लॅबवाल्याला आधी सांगा, दुसऱ्याचं रक्त मिसळलेलं असतं आणि रिपोर्ट फसवतो. लोह खूप कमी असेल तर ए-टू थोडं खाली दिसू शकतं, हे पण डॉक्टरला आठवण करून द्या. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन अकराच्या वर सरकत नाही अशा कितीतरी बायका असतात, त्यांनी हे नक्की करावं.

सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आहेत आणि सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार, विदर्भ आणि नंदुरबार पट्ट्यात जास्त, हे खरं आहे, पण म्हणून "आपल्यात नसतंय" असं कुठल्याच जातीनं म्हणू नये.

आता ती दुहेरी रेघ. सांगली, सातारा, कोल्हापूर ह्या पट्ट्यात मामाची पोरगी करायची रीत जुनी आहे, आणि कर्नाटकच्या हद्दीकडं काही घरांत बहिणीची मुलगी पण करतात. ह्याच्यात पाप-पुण्य काही नाही, हिशेब आहे, तो करूया. समजा आजोबा एका आजाराचे वाहक होते. मामाकडं ती प्रत जायची शक्यता निम्मी, मामाकडनं मामाच्या मुलीकडं परत निम्मी, म्हणजे पाव. तसंच आजोबांकडनं आईकडं निम्मी, आईकडनं मुलाकडं निम्मी, पाव. दोघं वाहक असायची शक्यता पाव गुणिले पाव, सोळातला एक. आणि दोघं वाहक असतील तर बाळ आजारी व्हायची चारातली एक, म्हणजे ६४ त एक. एरवी परक्या घरातनं बायको आली असती तर त्याच दुर्मिळ आजाराचं वाहक असायची शक्यता तिच्यात फारच थोडी. प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या अशा दोन-चार बिघडलेल्या प्रती घेऊन फिरतो, म्हणून एकूण धोका बघितला तर सर्वसाधारण जोडप्यात बाळाला जन्मजात व्यंग असायची शक्यता २ ते ३ टक्के आणि मामे-आते भावंडांच्या लग्नात साधारण दुप्पट. म्हणजे १०० तल्या नव्वदाहून जास्त जोडप्यांची पोरं चांगलीच होतात, ज्यांचं लग्न झालंय त्यांनी घाबरायचं काही कारण नाही. पण पिढ्यान्पिढ्या त्याच दोन घरांत सोयरीक होत आली असेल किंवा घरात आधीच एखादं आजारी पोर असेल तर लग्नाच्या आधी डॉक्टरला तो कागद दाखवा, सुपारी फुटल्यावर नको.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. भरलेले फक्त चौकोन, आणि ते एकमेकांना जोडले गेलेत ते न भरलेल्या गोलांतनं. आजारी पोरगा, त्याचा मामा आजारी, आईच्या मामाला पण तेच होतं. हा एक्सवरचा आजार. हिमोफिलिया (रक्त लवकर थांबत नाही), ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे होत जातात), लाल-हिरव्या रंगाचं आंधळेपण, जीसिक्सपीडीची कमतरता (काही औषधांनी लाल पेशी फुटतात) ह्याच्यातले. मुलाला एक्स फक्त आईकडनं येतो, दुसरी प्रत नसते, म्हणून तो आजारी पडतो, आईकडं दुसरी चांगली असते म्हणून ती बहुतेक वेळा ठीक. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, प्रत्येक मुलगी वाहक असायची निम्मी. बाप मुलाला वाय देतो, एक्स देत नाही, त्यामुळं बापाकडनं मुलाला हा आजार कधीच जात नाही. पण बाप आजारी असेल तर त्याच्या सगळ्या मुली वाहक, त्यात शक्यता वगैरे काही नाही. म्हणजे ज्या मामाला हिमोफिलिया आहे त्याची मुलगी शंभर टक्के वाहक आहे हे कागदावर बघूनच सांगता येतं, तपासणीच्या आधी. अशा घरात सोयरीक ठरवताना हे मुलीला आणि मुलाला दोघांना माहीत असलंच पाहिजे.

ड्यूशेन आणि हिमोफिलिया दोन्हींत साधारण तिसरा हिस्सा पोरांत घरात आधी कुणालाच नसतं, बदल नवा असतो. आणि आईनं हे मुद्दाम दिलेलं नाही. तिच्या आई-बापाकडनं तिला जे आलं तेच पुढं गेलं, निवड तिला कधी मिळालीच नाही.

एक चौथा प्रकार पण आहे, मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागातल्या जीनचा, तो आईकडनं सगळ्या पोरांना जाऊ शकतो पण बापाकडनं पुढं जात नाही, फार क्वचित दिसतो. आणि साधी शुगर, बीपी, फाटलेला ओठ हे ह्या साच्यांत बसवायला जाऊ नका, तिथं पुष्कळ जीन आणि बाकीच्या गोष्टी मिळून काम करतात.

कागद कोरा आला म्हणजे घर मोकळं असं पण समजू नका. घरं लहान झाली, एक-दोन पोरं असतात, रिसेसिव्ह आजार पिढ्यान्पिढ्या न दिसता पुढं जाऊ शकतो. म्हणून दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच बाईची सीबीसी आणि एचपीएलसी, ती वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याची. दोघं वाहक असतील तर पोटातल्या बाळाची तपासणी होते, वारेचा तुकडा घेऊन ११ ते १३ आठवड्यात किंवा गर्भजल काढून १५ आठवड्यानंतर. त्याच्या आधी आई-बापाच्या जीनमधला नेमका बदल माहीत असायला लागतो आणि त्याला वेळ जातो, म्हणून पुढच्या बाळाचा विचार करायच्या आधीच ते करून ठेवा. अशी तपासणी कायद्यात बसते, १९९४ चा गर्भलिंग कायदा आनुवंशिक आजार शोधायला परवानगी देतो, मुलगा का मुलगी सांगणं मात्र गुन्हा आहे, तिथं कुणी विचारू पण नये.

सुरुवात तुमच्या बालरोगतज्ज्ञापासनं करा, नाहीतर सांगली-मिरजेच्या सरकारी दवाखान्यात, तिथनं ते जेनेटिक क्लिनिकला पुण्या-मुंबईला पाठवतील. रक्ताच्या आजारांसाठी मुंबईत परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, केंद्र सरकारच्या आयसीएमआर ह्या वैद्यकीय संशोधन परिषदेची. जाताना कागद, आजारी पोराचे सगळे जुने रिपोर्ट आणि जमलं तर आजी किंवा मावशी बरोबर न्या, कारण डॉक्टर तेच प्रश्न परत विचारणार आणि उत्तरं तिच्याकडंच आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहेत, त्याचं प्रमाणपत्र सिव्हिलला निघतं, ते काढून ठेवा.

ह्या कागदाचा फोटो नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. कुणाची पोटं पडली, कोण वाहक आहे ही त्या त्या माणसाची खासगी गोष्ट आहे आणि लग्नाच्या पोरीचं नाव त्यात असेल तर गावभर व्हायला वेळ लागत नाही. पण वाहक निघालात तर सख्ख्या भावंडांना एकेकट्याला फोन करून सांगा, मग मावशी, मामा, आत्या, काका ह्यांच्या पोरांना. सांगताना आजाराचं नाव, तुमच्या रिपोर्टमधला नेमका बदल आणि कुठली तपासणी करायची एवढं लिहून द्या, कारण नेमका बदल माहीत असला की त्यांची तपासणी लवकर आणि कमी खर्चात होते. बहिणीला दिवस गेले असतील तर तिला आजच.